गोंदिया ते हर्णै

आमच्या घरांमध्ये प्रवासाला कारण लागतं. लग्न, मयत, नागपूरचा मोठा दवाखाना, ताजाबादला बाबांच्या दर्ग्यावरचा नवस... ही सगळी कारणं चालतात. ‘नुसतं फिरायला’ हे कारण चालत नाही. त्यातून मूल मागे ठेवून नवरा-बायको दोघंच निघणार म्हटल्यावर तर नाहीच. माझ्या निकाहला अकरा वर्षं झाली होती आणि तोवर आम्ही दोघं एकटे कुठं गेलो असू तर ते सोनोग्राफीला!

म्हणून मी सासूबाईंना खोटं नाही, पण अर्धं खरं सांगितलं. रत्नागिरी जिल्ह्यात दापोली तालुक्यात माझी डी.एड.ची मैत्रीण जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेत शिक्षिका आहे, तिला भेटायला जायचंय. मैत्रीण खरी होती, भेटायचंही होतं. पण त्यासाठी सबंध महाराष्ट्र आडवा ओलांडायचा, वाटेत डोंगर बघायचे, शेवटी समुद्र बघायचा, हे आम्ही दोघांनी स्वयंपाकघरात हळू आवाजात ठरवलं होतं. समुद्र दोघांनीही पाहिलेला नव्हता. आमच्याकडे पाणी म्हणजे वैनगंगा आणि मालगुजारी तलाव.

माझे शौहर राईस मिलमध्ये हिशेबाला आहेत. नवा धान मिलवर यायला लागला की त्यांना मान वर करायला फुरसत नसते. माझ्याकडे 20 नोव्हेंबर 2024 च्या विधानसभा निवडणुकीची ड्यूटी. या दोहोंच्या मध्ये दिवाळीच्या सुट्टीतले आठ दिवस सापडले. सहा वर्षांच्या लेकीला अम्मीकडे सोडलं, जुन्या वॅगन-आरच्या डिकीत मैत्रिणीसाठी दहा किलो चिन्नोर तांदूळ टाकला आणि फजर पढून निघालो. कोहमाऱ्याला हायवेला लागलो. भंडाऱ्याच्या पुढे निवडणुकीच्या तपासणी पथकानं गाडी थांबवली. नोटा शोधणाऱ्या त्या पोराला पोत्यात तांदूळ सापडला. त्यानं मूठभर हातात घेऊन वास घेतला आणि म्हणाला, “चिन्नोर आहे ना जी? जा.”

नागपूरनंतर समृद्धी महामार्ग. तेव्हा तो इगतपुरीपर्यंतच खुला होता, जून 2025 पासून पार मुंबईच्या दारापर्यंत गेलाय. सरळसोट रस्ता, मध्ये गाव नाही, चौक नाही, म्हैस नाही. भांडणाला असा रस्ता फार सोयीचा. घरात भांडण सुरू झालं की कुकरची शिट्टी होते, कुणी दार वाजवतं, विषय तिथंच राहतो. इथं वर्ध्यापासून जालन्यापर्यंत कुणी वाजवणारं नव्हतं.

भांडणाचा विषय एकच होता, आणि तो वर्षभर आमच्या घरात बसून होता. लेकीला पहिलीत कुठं घालायचं?

मी उर्दू माध्यमाची शिक्षिका. आधी प्राथमिकला होते, पुढं बी.एड. केलं, आता वरच्या वर्गांना इतिहास आणि उर्दू शिकवते. दर मे महिन्यात आम्ही शिक्षक मोहल्ल्यात दारोदार फिरतो. पट टिकला नाही तर पदं कमी होतात, पदं गेली तर शाळा. उन्हात रुमाल डोक्यावर घेऊन आम्ही आयांना समजावतो की मूल घरच्या भाषेत शिकलं तर चांगलं शिकतं. मी बी.एड.ला हेच शिकले आणि मला ते मनापासून पटतं. आया ऐकतात, सरबत देतात आणि शेवटी एक प्रश्न विचारतात, “मॅडम, आपकी बच्ची कौन-से स्कूल में है?” आजवर ती लहान होती. पुढच्या मे महिन्यात हे उत्तर चालणार नव्हतं.

यांचं म्हणणं वेगळं. हे गोरेगाव तालुक्यातल्या खेड्यात वाढले. गावात मुसलमानांची चार घरं, उर्दू शाळा नव्हती. बारावीपर्यंत मराठीत शिकले, सातबारा वाचतात, अर्ज लिहितात, मिलवर येणाऱ्या शेतकऱ्याशी झाडीबोलीत बोलतात. “मेरा कुछ अटका क्या?” असं ते विचारतात. खरंच, काही अडलेलं नाही. पण ते लेकीला मराठी शाळेत घाला म्हणतात असंही नाही. त्यांना हवी इंग्रजी. “तुम उर्दू बोलो, मैं मराठी बोलूँ, बच्ची दोनों से छूट जाए.” मी म्हटलं, दोन्हींपासून सोडवायचीय की दोन्हींपासून तोडायचीय? मग सिंदखेडराजा येईपर्यंत कुणीच बोललं नाही.

रात्री नणंदेकडे औरंगाबादला मुक्काम. शहराचं नाव 2023 पासून छत्रपती संभाजीनगर झालंय, नणंदेच्या दारावरचा पत्ता मात्र जुनाच आहे. दुसऱ्या दिवशी पुणे मागे टाकून वाईला पोहोचेस्तोवर अंधार झाला. पसरणीचा घाट यांनी पहिल्या गिअरमध्ये चढवला. वर एका लॉजवर खोली आहे म्हणाले, आधार कार्डं पाहिली आणि मग खोली नाही म्हणाले. कोणतं लॉज ते लिहीत नाही. पुढच्या लॉजवर एका म्हाताऱ्या बाईंनी कार्डं न पाहताच आधी गरम पाण्याची बादली भरून दिली, तेही तितकंच खरं आहे.

सकाळी महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाला लागलो. पुस्तकात आपण ‘सह्याद्री’ हा शब्द इतक्या सहज लिहितो! आमच्याकडच्या दरेकशाच्या टेकड्यांना मी आजवर डोंगर म्हणत आले. इथं एका बाजूला काळी भिंत आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही. हे स्टिअरिंगला छातीशी धरून गाडी चालवत होते आणि मी दुरूद पढत होते. 28 जुलै 2018 ला याच घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची बस दरीत गेली. बसमधली बाकी सगळी माणसं गेली, एकच वाचला. पुढं दापोलीत ज्यांच्याशी बोलले त्यांपैकी दोघांनी ‘कुठल्या घाटानं आलात?’ विचारलं आणि उत्तर ऐकून जरा गप्प झाले.

वाटेत प्रतापगड. मी आतापर्यंत कित्येक वेळा प्रतापगड शिकवलाय, तोही उर्दूत. बालभारतीची इतिहासाची पुस्तकं उर्दूतही निघतात. माझ्या वर्गातल्या मुलांनी ‘सह्याद्री’ आणि ‘जावळी’ हे शब्द उजवीकडून डावीकडे लिहिले आहेत. 10 नोव्हेंबर 1659. तारीख पाठ असते मुलांना. दर वर्षी एखादा मुलगा हमखास विचारतो, “मॅडम, अपने लोग किस तरफ थे?” मी सांगते, दोन्ही तरफ. अफझलखानाकडून बोलणी करायला आलेला वकील कृष्णाजी भास्कर ब्राह्मण होता, आणि महाराजांच्या सोबतीला निवडलेल्या माणसांत सिद्दी इब्राहिमचं नाव घेतात. मुलगा क्षणभर विचारात पडतो. तो क्षण मिळावा म्हणून मी तो धडा शिकवते. गडावर गेलो, बुरुजावरून खाली जावळीचं रान पाहिलं. हे म्हणाले, “तू बोलती थी ना क्लास में, वैसाच है.” अकरा वर्षांत त्यांनी माझ्या शिकवण्याबद्दल काढलेला हा पहिला शब्द! खानाची कबर गडाच्या पायथ्याशी आहे, तिथं आम्ही गेलो नाही. गाडीतूनच फातिहा पढली.

पोलादपूरला घाट संपला, खेडमार्गे दापोली आणि संध्याकाळी हर्णै. समुद्राविषयी मी काही लिहिणार नाही. ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायची गरज नाही, आणि ज्यांनी नाही त्यांना माझ्यानं सांगता येणार नाही. एवढंच की समोर सुवर्णदुर्ग होता, बंदरावर मासळीचा लिलाव चालला होता, आणि हे चपला हातात घेऊन लहान पोरासारखे उभे होते.

मैत्रीण एका कोकणी मुसलमान घरात अर्ध्या भागात भाड्यानं राहते. मूळची यवतमाळ जिल्ह्यातली. शौहर तिकडंच नोकरीला, मुलगा तिच्याजवळ. आंतरजिल्हा बदलीच्या यादीत तिचं नाव बारा वर्षं वर-खाली होतंय. निवडणुकीच्या प्रशिक्षणामुळे या दिवाळीलाही तिला घरी जाता आलं नव्हतं. विदर्भ-मराठवाड्यातल्या कितीतरी पोरी अशा कोकणातल्या उर्दू शाळांमध्ये आहेत. आम्ही दोघं एका गाडीतून भांडत आलो हे ऐकून ती म्हणाली, “भांडायला तरी एका गाडीत आहात.”

तिनं सांगितलेली गोष्ट मला माहीत होती, पण कानानं ऐकली नव्हती. इथल्या मुसलमानांच्या घरात उर्दू नाही. आजी-आजोबा, आई-बाप, सगळे आपापसात कोकणी बोलतात. आडनावं परकार, दलवाई, चौगुले. नोकरी लागली तेव्हा पहिलीच्या मुलांना हिची उर्दू कळेना आणि हिला त्यांची कोकणी. मूल उर्दू शाळेत येतं तेव्हा ते परक्या भाषेत येतं! आणि प्रवेश अर्जात मातृभाषेच्या रकान्यात सगळे लिहितात, उर्दू. का? विचारलं तर उत्तर नाही. मुसलमान आहोत ना, मग उर्दूच. मी मे महिन्याच्या उन्हात दारोदार सांगत फिरते ते ‘घरच्या भाषेत शिक्षण’ इथं पार उलटं झालेलं. माझी शाळा इथं असती तर मी काय सांगितलं असतं? तिचा स्वतःचा मुलगा दापोलीत इंग्रजी माध्यमात आहे. ते तिनं माझ्याकडे न बघता सांगितलं. यांनी मात्र माझ्याकडे पाहिलं.

घरमालकीण पंचाहत्तरीच्या पुढची. सगळे तिला नानी म्हणतात. बोलणं निम्मं कळायचं, जेवण पूर्ण कळलं. तांदळाच्या रोट्या, सांदण आणि तिसऱ्यांचं कालवण. तिसऱ्या बघून यांचा हात थांबला. आम्ही हनफी, आमच्यात समुद्रातली मासळी सोडून बाकी जीव चालत नाहीत. हे कोकणी लोक शाफई, त्यांना चालतं. नानी खूप हसली आणि यांच्यासाठी वेगळं सुरमईचं तुकडं तळलं. अस्रची अजानही आमच्या सवयीपेक्षा बरीच लवकर झाली. मगरिबला मशिदीतून परत आल्यावर हे म्हणाले, सगळे जोरात ‘आमीन’ म्हणाले आणि मीच एकटा मनात. आपण ‘मुसलमान समाज’ असा एकवचनी शब्द वापरतो ना, तो लिहिताना यापुढे माझा हात जरा थांबेल.

दुसऱ्या दिवशी मैत्रीण प्रशिक्षणाला दापोलीला गेली. नानीनं मला आत बोलावलं आणि बिस्किटांचा पत्र्याचा डबा पुढं ठेवला. त्यात पत्रं होती. तिचे शौहर जहाजावर होते, पुढं कुवेतला. वर्षा-दोन वर्षांनी घरी यायचे. त्यांना जाऊन बरीच वर्षं झालीत. पत्रं उर्दू लिपीत, सत्तरच्या दशकातली. नानी चार यत्ता उर्दू शिकलेली, सगळी पत्रं तिनं स्वतः वाचलेली. पण आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. मुलगा कुवेतमध्ये, नातवंडं इंग्रजी शाळेतली, उर्दू कुणालाच येत नाही. मी विचारलं, “नानी, माझी मैत्रीण तर तुमच्याच घरात राहते. ती उर्दूचीच शिक्षिका, तिच्याकडून का नाही वाचून घेतलीत?”

नानी म्हणाली ते मराठीत असं लिहिता येईल, “बाय, ती इथलीच झाली. तिच्या समोर मला रोज पाणी भरायचंय. तू उद्या जाशील.”

मी वाचायला सुरुवात केली. पहिल्या चार ओळी शाळेत शिकवलेल्या उर्दूत, बाद सलाम के मालूम हो वगैरे. पाचव्या ओळीपासून मी अडखळले. अक्षरं सगळी ओळखीची, शब्द एकही नाही. माणसानं सलाम उर्दूत केला होता, आणि बायकोशी बोलायला लागल्यावर तो घरच्या बोलीत, कोकणीत उतरला होता. लिपी तेवढी उर्दू राहिली. आता उर्दूत ‘ण’ला अक्षर नाही, ‘ळ’ला नाही. ऱ्हस्व स्वर तर लिहीतच नाहीत, ते वाचणाऱ्यानं ओळखायचे. मी ‘नारल’ वाचायची, ‘तांदूल’ वाचायची, मध्येच भलताच स्वर घालायची. नानीच्या कपाळावर आठी. माझ्या तोंडून येणारं तिलाही कळेना.

हे बाहेर पडवीत बसले होते. तिथूनच आवाज आला, “नारळ असंल जी ते.”

नानीनं जरा विचार केला. मग म्हणाली, बसू दे त्याला तिथंच, पाठ करून. आणि आम्ही तशीच पत्रं वाचली. मी आत नानीजवळ, हे पडवीत समुद्राकडे तोंड करून. मी अक्षरं आवाजात म्हणायची, हे बाहेरून शब्द द्यायचे. आयुष्यभर झाडीबोलीत ‘पानी’, ‘लोनी’ ऐकलेल्या माणसाला ‘न’च्या जागी ‘ण’ ऐकणं जड नव्हतं. कोकणी त्यांना येत नाही, पण तिच्या खालची मराठी येते. एका ठिकाणी मी वाचलं, “परसात केली लाव.” केली? काय केली? बाहेरून आवाज आला, “केळी! केळी लाव म्हणते.” नानी पदर तोंडाला लावून हसायला लागली. त्या केळी तिनं लावल्या होत्या म्हणे, त्यांचेच कोंब परसात अजून आहेत.

पत्रांत फार काही नव्हतं. कौलं शाकारलीस का, मनीऑर्डर पोहोचली का, भाताचं काय झालं. आणि प्रत्येक पत्राच्या शेवटी एक वाक्य होतं. पोराला तुझ्या पत्राखाली स्वतःचं नाव लिहायला सांग, अक्षर किती सुधारलं ते मला दिसेल. ते वाक्य प्रत्येक वेळी उर्दूत होतं, कोकणीत नाही. शाळेची गोष्ट होती म्हणून असेल. दोन-तीन पत्रं अशी होती की मी वाचायला लागल्यावर नानीनं ती हळूच हातातून काढून घेतली आणि डब्यात तळाशी ठेवली. यांना बाहेर कळलं असणार, कारण ते उठून बागेकडे गेले.

त्या रात्री आम्ही वाळूत बसलो होतो. लेकीचा विषय मीच काढला. हे बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “उस बुढ्ढी का पोता इंग्लिश पढ़ा. डब्बा उसके घर में है, वो पढ़ नहीं सकता.” मी म्हटलं, मलाही तो वाचता आला नाही, तुम्ही नसता तर. मला वाटत होतं की उर्दूची बाजू मी जिंकलेय. पण बसल्याजागी हिशेब केला तर अर्धं त्यांचंच निघालं.

पुढचे दिवस पटकन सांगते. दाभोळला खाडीकाठची जुनी मशीद पाहिली. विजापूरची एक शाहजादी हजला निघाली होती, ते जाणं राहिलं आणि सोबतचा पैसा तिनं या मशिदीला लावला, असं सांगतात. निघून पुढं न जाता आलेली ती बाई माझ्या फार लक्षात राहिली. फेरीबोटीत गाडी चढवून खाडीपलीकडे धोपाव्याला उतरलो, गुहागर केलं, चिपळूणला आलो. जवळचं मिरजोळी हे हमीद दलवाईंचं गाव. त्यांची सगळी मतं मला पटत नाहीत. पण 1965 साली आलेली ‘इंधन’ मी कॉलेजात वाचली तेव्हा प्रश्न पडला होता, हा माणूस इतकी आतली मराठी कशी लिहितो? त्या मुलखातल्या घरात दोन दिवस जेवल्यावर तो प्रश्नच राहिला नाही. तो घरच्याच भाषेत लिहीत होता. आपण वाचणारे ‘मुसलमान असून’ म्हणत राहिलो. कुंभार्ली घाट चढून कराडला आलो आणि घराकडे वळलो. येताना डिकीत नानीनं दिलेली केळीची दोन रोपं होती, ओल्या गोणपाटात.

जून 2025 मध्ये लेकीला आमच्याच संस्थेच्या प्राथमिक शाळेत घातलं, उर्दूत. रोज रात्री जेवल्यावर हे तिला मराठी शिकवतात. सुरुवात त्यांनी ‘ण’ आणि ‘ळ’ पासून केली, शाळेत कुणी तसं शिकवत नाही! प्रवेश अर्ज त्यांनीच भरला. मातृभाषेच्या रकान्यात दोन्ही भाषा लिहिल्या. कारकुनानं एक खोडायला सांगितली, कारण संगणकात एकच चालते. हे म्हणाले, तुम्हाला हवी ती खोडा. कोणती खोडली ते आम्ही अजून विचारलेलं नाही.

त्याआधी मे महिन्यात नेहमीप्रमाणे दारोदार फिरले. एका गल्लीत तो प्रश्न आलाच. मी सांगितलं, “आपके ही स्कूल में आएगी, पहली में.” त्या बाईनं थोडा विचार केला आणि विचारलं, “और मराठी?” मी म्हटलं, “वो उसके अब्बा पढ़ाते.” ती म्हणाली, “हमारे इनको तो दोनों नहीं आती, मॅडम. मेरे बच्चे को कौन पढ़ाएगा?” माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं. संध्याकाळी घेऊन या, दोघांना एकत्र बसवू, असं मी म्हणाले. तिनं मुलाला शेवटी दुसऱ्याच शाळेत घातलं. संध्याकाळी मात्र तो येतो, आठवड्यातून तीन-चार दिवस, स्वतःची पाटी घेऊन.